टाळं कुणी लावलं, किल्ली कुणाकडे?

'टाळेबंदी' म्हटलं की जुन्या माणसांना गिरणीच्या फाटकावर मालकाने लावलेलं टाळं आठवतं, आणि नव्यांना २०२० चा मार्च. मालकाच्या टाळेबंदीला इंग्रजीत 'लॉकआऊट' म्हणतात. पण कारखान्यात मेंटेनन्सचं काम केलेल्यांना या शब्दाचा आणखी एक अर्थ माहीत असतो, आणि त्या अर्थात टाळं कामगार लावतो. मशीन उघडण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि मगच मशीनमध्ये हात घालायचा. या दुसऱ्या टाळ्याचा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. मी बरीच वर्षं मेंटेनन्समध्ये काढली आहेत, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

कुलपाचा आपल्याला माहीत असलेला इतिहास चोराभोवती फिरतो. लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७८४ साली आपल्या कुलपाचं पेटंट घेतलं. पुढे पिकाडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत त्याचं एक कुलूप मांडलं गेलं, आणि किल्लीशिवाय ते उघडणाऱ्याला दोनशे गिनींचं बक्षीस जाहीर झालं. साठ वर्षं ते कुणाला जमलं नाही. १८५१ च्या भव्य प्रदर्शनाच्या वेळी लंडनला आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपवाल्याने आधी चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप २५ मिनिटांत उघडलं. मग ब्रामाचंही उघडलं. त्याला सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. त्यानंतर १८६० च्या दशकात अमेरिकेत लायनस येलने बारीक पिनांचं कुलूप आणलं, तेच तत्त्व आजही आपल्या दारावरच्या बहुतेक कुलपांत आहे. आपल्या मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली.

लालबाग म्हणजे गिरणगाव. तिजोरीला राखणारं कुलूप जिथे बनत होतं, त्याच भागातल्या गिरण्यांत मशीनला राखणारं कुलूप मात्र नव्हतं. त्या काळी गिरणीत एका इंजिनावर अख्खं खातं चालायचं. छताखालून लांबलचक दांडा फिरायचा आणि त्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक मागावर उतरायचे. एकच माग थांबवायचा तर इंजिन बंद करत नसत. पट्टा घट्ट पुलीवरून शेजारच्या मोकळ्या पुलीवर सरकवायचा, की माग थांबला. धोका असा की पट्टा आपोआप पुन्हा घट्ट पुलीवर सरकू शकतो. आत कुणाचा हात असला तरी पट्ट्याला त्याचं काय!

१८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने मुलांच्या कामाच्या तासांवर बंधन आणलं आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद केली. या सरकत्या पट्ट्याची आठवण आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात अजून वाचायला मिळते. कलम २४ सांगतं की पट्टा घट्ट पुलीवर परत सरकणार नाही अशी सोय हवी. १९७६ च्या दुरुस्तीने या कलमाला एक उपकलम जोडलं: वीज तोडणारा स्विच चुकून 'बंद'वरून 'चालू'वर जाऊ शकत असेल, तर तो सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची व्यवस्था असली पाहिजे. म्हणजे कुलूप आपल्या कायद्यात १९७६ पासून आहे. पण हे कलम नीट वाचा. त्याच्या डोळ्यासमोर चुकून हलणारा खटका आहे, स्विच चालू करणारा माणूस नाही. आणि किल्ली कुणाकडे असावी, याबद्दल त्यात एक शब्दही नाही.

धोका तर तोवर बदलला होता. पट्टे गेले, प्रत्येक मशीनला स्वतःची मोटार आली. आता फिटर मशीनच्या पोटात असतो आणि बटण वीस पावलांवरच्या पॅनेलवर. बटण दाबणारा काही दुष्ट नसतो. शिफ्ट बदललेली असते, प्रॉडक्शन अडलेलं असतं, मशीन बंद दिसतं, तो चालू करतो. यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे पाटी: 'काम चालू आहे, स्विच चालू करू नये.' पाटी वाऱ्याने पडते, कालचीच आज लटकत राहते, आणि सगळ्यांना तिची सवय होते.

कुलपाचा खरा झगडा अमेरिकेत झाला, आणि तो रेटला मोटार कामगारांच्या युनियनने. १९७९ साली या युनियनने तिथल्या सरकारी कामगार सुरक्षा खात्याकडे, म्हणजे ओशाकडे, तातडीच्या नियमाची मागणी केली. ती फेटाळली गेली. नियम यायला १९८९ चा सप्टेंबर उजाडला. पुढे या युनियनने १९७३ ते १९९५ या काळातल्या आपल्या सभासदांच्या कामावरच्या मृत्यूंचा हिशेब मांडला, तेव्हा ४१४ पैकी ८३ मृत्यू मशीनची ऊर्जा नीट न तोडल्यामुळे झालेले निघाले. दर पाचातला एक.

नियमातल्या तरतुदी बघितल्या की लक्षात येतं, त्या लिहिणाऱ्यांना शॉपफ्लोअर ठाऊक होता. हे कुलूप दुसऱ्या कुठल्याच कामाला वापरायचं नाही. ते कुणी लावलं हे त्याच्यावरून कळलं पाहिजे. पाच जण काम करत असतील तर प्रत्येकाचं आपापलं कुलूप. त्यासाठी अनेक भोकांचा एक चिमटा मिळतो, शेवटचं कुलूप निघेपर्यंत तो उघडत नाही. नुसती वीज तोडून भागत नाही, दाबलेली स्प्रिंग, हायड्रॉलिकचं प्रेशर, वर उचललेला भाग, सगळं निष्प्रभ करायचं. मग एकदा बटण दाबून खात्री करायची की मशीन खरोखरच चालू होत नाही. आणि ज्याने कुलूप लावलं त्यानेच ते काढायचं. तो कुलूप विसरून घरी गेला असेल, तर तो आवारात नाही याची खात्री करायची, त्याला गाठायचा सगळा प्रयत्न करायचा, आणि तो कामावर परतल्यावर काम सुरू करण्याआधी त्याला सांगायचं की तुझं कुलूप काढलंय. या नियमाविरुद्ध मालकांची संघटना आणि कामगारांची युनियन दोघंही कोर्टात गेले. १९९१ मध्ये कोर्टाने तो खात्याकडे परत पाठवला. १९९४ मध्ये तो टिकला.

हा नियम अजून यायचा होता तेव्हा, ६ जुलै १९८८ ला, उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर काय झालं ते बघा. दोनपैकी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसपाळीने तपासणीला काढला होता आणि तिथे तात्पुरतं झाकण बसवलं होतं. काम संध्याकाळपर्यंत संपलं नाही. रात्री पावणेदहाच्या सुमाराला दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीला व्हॉल्व्ह काढल्याचा कागद दिसलाच नाही, आणि ती जागा पंपापासून नजरेला पडत नव्हती. त्यांनी बंद ठेवलेला पंप चालू केला. झाकणातून वायू सुटला, स्फोट झाला. १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. त्यातली एक अशी की अशा कामात व्हॉल्व्हला कुलूप आणि टॅग लावूनच तो बंद ठेवावा. परवान्याचा कागद ऑफिसात राहतो. कुलूप मात्र घाईत आलेल्या माणसाच्या हाताशीच लटकत असतं.

आता थोडं त्या कुलपाबद्दल. ते लाल-पिवळ्या प्लास्टिकसारख्या हलक्या पदार्थाचं असतं, म्हणजे त्यातून वीज वाहत नाही. बऱ्याच कुलपांत उघडं असेपर्यंत किल्ली बाहेरच निघत नाही. आत मात्र येलच्याच पिना. मला कुलपं किल्लीशिवाय उघडायचा नाद आहे. सरावासाठी पारदर्शक कुलूप मिळतं, त्यात पिना उघड दिसतात. गाभ्याला हलका पीळ द्यायचा, जी पिन अडते ती उचलायची, मग पुढची. हात बसला की साधं कुलूप काही मिनिटांत उघडतं. सेफ्टीचं कुलूपही उघडता येतं, आणि मोठ्या कटरपुढे तर ते टिकतच नाही. ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं की कुणीतरी हमखास विचारतं, "मग त्याचा उपयोग काय, साहेब?"

उपयोग हाच की ते चोरासाठी नाहीच. घाईत बटण दाबणारा माणूस त्या कुलपापाशी थांबतो. त्याला नाव दिसतं. त्यापुढे मशीन चालू करायचं तर कटर शोधावा लागेल, कडी तोडावी लागेल, आणि हे सगळं आत माणूस असेल हे माहीत असताना. पाटी असताना जो 'अपघात' म्हणून खपून जातो, तो कुलूप तोडल्यावर कुणालाच अपघात म्हणता येत नाही. आणखी एक गोष्ट. अख्ख्या कारखान्यात ही एकच जागा आहे जिथे सगळ्यात कमी पगाराच्या हेल्परचा 'नाही' हा मॅनेजरलासुद्धा मानावा लागतो.

म्हणून प्रश्न किल्लीचा आहे. आपल्याकडे मी काय काय पाहिलंय ते सांगतो, नावं घेत नाही. एकाच किल्लीने उघडणारी बारा कुलपं. जादा किल्ली सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये. ऑडिटच्या दिवशी बोर्डावर रांगेत चकचकीत कुलपं, आणि रविवारी टाकी साफ करायला आलेल्या ठेकेदाराच्या पोरांना एकही नाही. त्यांच्या नावाचं कुलूप निघत नाही, कारण त्यांची नावंच कुठे लिहिलेली नसतात. काही शे रुपयांची वस्तू आहे ही.

१९४८ चा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, आणि या संहितेखाली सुरक्षेची मानकं जाहीर करण्याचं काम केंद्र सरकारकडे आहे. त्यात एक वाक्य स्पष्ट हवं: मशीनमध्ये हात घालणाऱ्या प्रत्येकाला, कायम असो की कंत्राटी, त्याचं स्वतःचं कुलूप आणि त्याची एकमेव किल्ली मिळालीच पाहिजे. कामगार संघटनांनी बोनसच्या मागणीपत्रात हीसुद्धा मागणी घालावी.

तोवर, तुमच्या घरातलं कुणी कारखान्यात फिटर, वायरमन किंवा हेल्पर असेल तर आज जेवताना त्याला एवढंच विचारा: "मशीन उघडतोस तेव्हा टाळं तुझं असतं का? आणि किल्ली कुणाकडे असते?" उत्तर कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नको, उत्तर पुरे.