फ्रेम-हानी मापन

ईथरनेट वाहतूक जाळ्यात एका टोकाने पाठवलेल्या, पण दुसऱ्या टोकाला न पोचलेल्या फ्रेमची (माहितीच्या गठ्ठ्यांची) मोजदाद. ईथरनेट मुळात कार्यालयातल्या जाळ्यासाठी घडले (पहा : स्थानिक क्षेत्र जाळे); त्यात बिघडलेली फ्रेम स्विच मुकाट टाकून देतो, पाठवणाऱ्याला पत्ताही नसतो. दूरसंचार कंपन्या त्यावर सेवा विकू लागल्या, तसा हरवलेल्या फ्रेमचा हिशेब अटळ झाला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या वाय.१७३१ या शिफारशीत (२००६) त्याची रीत दिली आहे.

दोन्ही टोकांच्या फ्रेम-गणकांचे आकडे खास संदेशांतून एकमेकांना कळवले जातात. दोन संदेशांदरम्यान पाठवण्याचा गणक १०,००० ने आणि मिळण्याचा ९,९९८ ने वाढला, तर हानी २ फ्रेम, म्हणजे पाठवलेल्या फ्रेमच्या ०.०२ टक्के.

दोनाहून अधिक टोकांच्या (बहुबिंदू) जोडणीत हे दोन गणकांचे गणित फसते; तिथे कृत्रिम फ्रेम पाठवून हानीचा अंदाज बांधतात. करारातली हानीची मर्यादा (पहा : सेवास्तर करार) हरवलेल्या आणि पाठवलेल्या फ्रेमच्या याच गुणोत्तरात लिहितात.