लगेजचा डबा

आमच्या मढला रेल्वे नाही. 'मी मढचा' म्हटले की मुंबईकर मालाडकडे बोट दाखवतात. ते समुद्राकाठचे मढ निराळे. आमचे मढ जुन्नर तालुक्यातले. माळशेज घाट चढून आले की कल्याण-नगर रस्त्यावर लागते. या घाटातून रेल्वे न्यावी, ही मागणी आमच्याकडे वारसाहक्काने चालत येते. जमिनीचे वाटे होतात, मागणी मात्र एकत्र कुटुंबात राहते.

तरीही शहरी रेल्वेच्या इतिहासाला आमच्या मुलखाचा हात लागलेला आहे. हात कसला, डोकेच!

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. १४ डबे, ४०० पाहुणे. म्हणजे डब्यामागे अठ्ठावीस-एकोणतीस माणसे. मी कॉमर्सचा पदवीधर. भागाकार केल्याशिवाय राहवत नाही. विरार लोकलने जाणाऱ्याने मात्र तो करू नये, उगाच गहिवरून येते.

१८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत जेवणाचे डबे पोचवण्याचे काम सुरू केले. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरची माणसे त्या धंद्यात शिरली. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्ही.टी. ते कुर्ला विजेची गाडी धावली. उपनगरे लांबत गेली, तसे ऑफिस आणि स्वयंपाकघर यांतले अंतरही लांबत गेले. लोकांचा वेळ त्या अंतरात गेला. आमच्या माणसांचे पोट त्याच अंतरावर भरले. चाळीसएक डब्यांची पाटी डोक्यावर घेऊन ती शिरत राहिली लोकलच्या लगेजच्या डब्यात. शेजारी कोळणीची टोपली, भाजीचे गाठोडे. वास काय विचारता! पण शहराचे दुपारचे जेवण त्या वासातूनच येई, आणि अजूनही येते.

मग आली मेट्रो. कलकत्त्यात १९७२ च्या डिसेंबरात कोनशिला बसली आणि २४ ऑक्टोबर १९८४ ला एस्प्लनेड ते भवानीपूर हा पहिला तुकडा सुरू झाला : ३.४ किलोमीटर. वर्षाला तीनशे मीटरसुद्धा पडत नाहीत. आमच्या बँकेत कर्जाची फाइल याहून जोरात सरकते, असे म्हणण्याचा मोह मी आवरतो. पुढे दिल्लीत २००२, मुंबईत २०१४, पुण्यात २०२२. गाडी थंडगार, दारे आपोआप लागतात, धक्का मारणाराही 'सॉरी' म्हणतो. सगळे आहे, नाही तो फक्त लगेजचा डबा.

इतिहासकार रेल्वे मोजतात किलोमीटरवर. मला वाटते, ती ओझ्यावरही मोजावी. इंग्रजाच्या काळापासूनच्या त्या घामट लोकलने डोक्यावर पाटी असलेल्यालाही गिऱ्हाईक मानले. नवी गाडी मात्र पाठीवर लॅपटॉप असेल त्यालाच प्रवासी समजते.

मेट्रो जरूर वाढवा. पण एक दार पाटीवाल्यासाठी ठेवा. नाहीतर साहेब गारेगार वेळेवर पोचतील आणि त्यांची भाजी-पोळी खाली रस्त्यावर, सिग्नलला उभी असेल.