फ्री व्हील हब (जुन्या फोर व्हील जीपमधील)

फोर व्हील ड्राइव्ह गाडीच्या पुढच्या दोन चाकांच्या मध्यभागी बसणारी, चाक आणि आतला अॅक्सल शाफ्ट यांना हवे तेव्हा जोडणारी वा सोडणारी यंत्रणा. नांदेड-लातूरच्या गॅरेजांत तिला ‘हब लॉक’ म्हटले जाते. बाहेरची डायल ‘लॉक’वर फिरवली की आतली दातेरी रिंग सरकून शाफ्ट व चाक एकजीव होतात. ‘फ्री’वर चाक फक्त बेअरिंगवर फिरते, शाफ्ट, पुढचे डिफरन्शियल आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट जागच्या जागी थांबून राहतात.

हब लॉक आणि डिफरन्शियल लॉक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हब लॉक केल्याने गाडीची ताकद वाढत नाही, की एक चाक हवेत फिरत असताना दुसऱ्याला जोर मिळत नाही. ट्रान्सफर केसने पुढे पाठवलेली ताकद चाकापर्यंत पोहोचू देणे एवढेच त्याचे काम. एकाच बाजूचा हब लॉक राहिला, तर डिफरन्शियल सगळी फिरकी मोकळ्या बाजूला देते आणि पुढचा अॅक्सल असून नसल्यासारखा होतो. चिखलात फसलेल्या जीपचा ‘फोर व्हील चालत नाही’ म्हणून गिअर खोलण्याआधी दोन्ही डायली पाहाव्यात.

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला असे हब नव्हते. तिथे पुढच्या शाफ्टवर कायमचा घट्ट फ्लँज होता. युद्धानंतर त्या जीप नागरी रस्त्यांवर आल्या, तेव्हा आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये अमेरिकेत त्यांच्यासाठी लॉकिंग हब बनवायला सुरुवात केली. त्याच सुमारास, १९४७ पासून, मुंबईत महिंद्राने विलिस जीपची जुळणी सुरू केली होती. पुढे ‘लो बॉनेट’, मग १९५३ च्या सीजे-३बी आराखड्याची ‘हाय बॉनेट’, ऐंशीच्या दशकात पूजो डिझेल इंजिनाची एमएम ५४० अशी ही वंशावळ वाढत गेली. यांतल्या बहुतेक गाड्या फिक्स फ्लँज घेऊनच आल्या. हब लॉक मालकांनी मागाहून बसवले. डिसेंबर १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीला मात्र फ्री व्हील हब होते. काळीपिवळी म्हणून धावलेल्या कमांडर जीप बहुतांशी टू व्हील होत्या, त्यामुळे त्यांत या भागाला जागाच नव्हती.

मराठवाड्यात हा भाग का महत्त्वाचा ठरतो, याचे उत्तर जमिनीत आहे. मांजरा, तेरणा, गोदावरी, लेंडी यांच्या खोऱ्यांतली काळी रेगड माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. तिच्यातल्या चिकणमातीचा मुख्य घटक मॉन्टमोरिलोनाइट पाणी पिऊन फुगतो. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी जमीन दोन सरी आल्या की टायरच्या नक्षीत भरते, सुकायला लागली की मडगार्डखाली घट्ट बसते. परतीच्या पावसात सोयाबीनची रास शेतातून काढायची असते, तेव्हा पाणंद रस्त्यावर मागची दोन चाके फक्त खड्डा करतात. किनवट-माहूरच्या सागवानी डोंगरात चढ आणि दगड आहेत. औसा-निलंग्याच्या सपाटीवर चिखल. मात्र हीच जीप वर्षातले बहुतेक दिवस डांबरी रस्त्यावर असते. फिक्स फ्लँज असेल तर त्या प्रत्येक किलोमीटरला पुढचा सगळा संच रिकामा फिरतो: स्टेअरिंग जड, आवाज जास्त, युनिव्हर्सल जॉइंटची झीज. हब लॉकमुळे डिझेलही वाचते, पण थोडेच. तेवढ्यासाठी हब बसवू नये. शाफ्टच्या आयुष्यासाठी बसवावा.

फ्लँजऐवजी हब बसवण्याचे काम अर्ध्या दिवसाचे आहे, खरेदी मात्र डोळसपणे करावी लागते. विलिस घराण्यातल्या जुन्या महिंद्राच्या पुढच्या शाफ्टला टोकाशी दहा स्प्लाइन (दाते) असतात आणि फ्लँज सहा बोल्टनी बसतो. पण लिलावातून घेतलेल्या, दोन-तीन हातांतून गेलेल्या गाडीत कोणता अॅक्सल घुसवला असेल याचा नेम नसतो. म्हणून आधी चाकाच्या मध्यावरची टोपी काढून स्प्लाइन मोजावेत, मग हब विकत घ्यावा. ब्राझीलच्या एव्हीएम कंपनीचे हब भारतात सर्रास मिळतात.

मागच्या चाकांना दगड किंवा ओंडका लावून पुढचे चाक जॅकवर घ्यावे आणि अॅक्सलखाली घोडी ठेवावी. टोपी काढली की शाफ्टच्या टोकाला सर्क्लिप दिसते. ती सर्क्लिपच्या पक्कडीनेच काढावी. मग सहा बोल्ट सैल करून फ्लँज ओढून घ्यावा. आत बेअरिंगचे दोन नट आणि त्यांच्यामध्ये लॉक वॉशर असतो. अनेक ठिकाणी हे नट छिन्नी-हातोड्याने फिरवतात, आणि या सगळ्या कामातली ती सर्वांत वाईट सवय आहे. नटाचे कोपरे जातात, लोखंडाचा कीस बेअरिंगमध्ये पडतो आणि ताण अंदाजावर राहतो. योग्य मापाचा बॉक्स पाना एकदाच घेऊन ठेवावा. चाक फिरवत आतला नट आवळायचा, मग फेऱ्याच्या साधारण सहाव्या भागाएवढा सैल करायचा. चाक मोकळे फिरले पाहिजे, पण वर-खाली हलवून ढिलेपणा लागता कामा नये. त्यानंतर लॉक वॉशर, बाहेरचा नट, नवे पॅकिंग आणि हब. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. हबच्या आत ग्रीसचा पातळ हात पुरतो. बेअरिंगसारखे ग्रीस ठासून भरले की रिंग सरकत नाही आणि डायल अर्ध्यावर अडकते. नवा हब ‘खराब निघाला’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा हेच असते.

स्कॉर्पिओच्या फोर व्हील आवृत्तीत व्हॅक्यूमवर चालणारे हब आले. खाली उतरायची गरज नाही ही त्यांची सोय खरी. पण नळी कडक होऊन चिरली किंवा सील गळले की हब ऐनवेळी लागत नाही. रेगडीच्या चिखलात हाताने फिरवायची डायल अधिक भरवशाची.

वापराचे नियम मोजके आहेत. चिखलात शिरण्याआधी उतरून दोन्ही डायली फिरवाव्यात. फसल्यावर त्या गाळाखाली जातात. डांबरी रस्त्यावर हब लॉक राहिले तर फारसे बिघडत नाही, फोर व्हीलचा गिअर मात्र सोडलाच पाहिजे, कारण या जीपना मधले डिफरन्शियल नाही आणि वळणावर सगळा पीळ शाफ्टवर येतो. हब फ्री ठेवून लो गिअर टाकणे धोक्याचे. पूर्ण जोर एकट्या मागच्या अॅक्सलवर पडून शाफ्ट तुटू शकतो. उतारावर गाडी उभी करताना हब लॉक करून फोर व्हील टाकावे. जुन्या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसमागे असल्याने मग तो चारही चाके धरतो. कोरड्या महिन्यांतही अधूनमधून काही किलोमीटर हब लॉक ठेवून टू व्हीलवर चालवावे, म्हणजे पुढच्या डिफरन्शियलचे आणि स्टेअरिंग नकलमधले तेल फिरते.

नांदेड-लातूरच्या वापराला फिक्स फ्लँज, व्हॅक्यूम हब आणि हाताचा हब यांत हाताचाच सर्वांत योग्य आहे. मृग लागण्याआधी दोन्ही हब उघडून, रॉकेल किंवा डिझेलने धुऊन, पॅकिंग बदलून बसवावेत.