क्षेत्रफळ व परिमिती यांचे अध्यापन

क्षेत्रफळ व परिमिती यांचे अध्यापन हा उच्च प्राथमिक स्तरावरील गणितशिक्षणाचा एक मूलभूत घटक आहे. बंदिस्त आकृतीच्या कडेच्या एकूण लांबीस परिमिती म्हणतात. त्या कडेने वेढलेल्या पृष्ठभागाच्या मापास क्षेत्रफळ म्हणतात. परिमिती सेंटीमीटर, मीटर अशा लांबीच्या एककांत मोजतात, तर क्षेत्रफळ चौरस एककांत. आयताची दोन्ही सूत्रे बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असतात. अडचण सूत्रांची नसून कोणते माप कशाचे, हे ओळखण्याची असते.

संकल्पनांतील गोंधळ

परिमिती वाढली की क्षेत्रफळही वाढते, हा या घटकातील सर्वांत चिवट गैरसमज होय. तो केवळ मुलांपुरता मर्यादित नाही. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने लिहिले आहे की, मेगालोपोलिस नगराचा घेर ५० स्टेडियम व स्पार्टाचा ४८ असूनही स्पार्टा दुप्पट मोठे आहे, हे लोकांना खरे वाटत नाही. शाळेत शिकलेली भूमिती लोक विसरतात, असे त्याचे निदान होते.

लिपिंग मा यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अमेरिकेतील व चीनमधील प्राथमिक शिक्षकांपुढे हाच प्रश्न ठेवला होता. एक विद्यार्थिनी ४ सेमी बाजूचा चौरस व ८ सेमी × ४ सेमी आयत दाखवते. परिमिती १६ वरून २४ सेमी झाली आणि क्षेत्रफळ १६ वरून ३२ चौसेमी झाले, म्हणून परिमितीबरोबर क्षेत्रफळ वाढते हा नियम सिद्ध झाला, असे ती सांगते. हा दावा स्वतः पडताळून खोडून काढणे बहुतेक अमेरिकी शिक्षकांना जमले नाही. चिनी शिक्षकांची कामगिरी बरीच सरस होती. एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही, परंतु एका प्रतिउदाहरणाने तो कोसळतो, हे शिकवण्याची संधी या प्रश्नात आहे.

बाजू ठरल्या म्हणजे क्षेत्रफळ ठरले, असेही अनेकांना वाटते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’च्या (इ. स. ११५०) क्षेत्रव्यवहारात या समजुतीचा समाचार घेतला आहे. चौकोनाचे कर्ण निश्चित नसतील, तर केवळ चार बाजूंवरून त्याचे क्षेत्रफळ निश्चित होत नाही, असे सांगून त्यांनी असा प्रश्न विचारणाऱ्यास आणि त्याचे उत्तर देणाऱ्यासही फटकारले आहे. वर्गात हे दाखवण्यास चार काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे पुरतात. ८ सेमी व ५ सेमी बाजूंची आयताकृती चौकट कोपऱ्यांतून कलती केली की परिमिती २६ सेमीच राहते. पण उंची ५ वरून ४ व पुढे ३ सेमी झाली की क्षेत्रफळ ४० वरून ३२ व मग २४ चौसेमी होते.

अध्यापनाचा क्रम

सूत्र आधी व अर्थ मागाहून, असा क्रम वर्गांतून सर्रास दिसतो आणि गोंधळाचे मूळ बहुधा तेथेच असते. प्रथम आकृती सारख्या चौरसांनी झाकणे, ते चौरस मोजणे, नंतर ओळींची संख्या व प्रत्येक ओळीतील चौरस यांचा गुणाकार करणे, या मार्गाने विद्यार्थी आयताच्या सूत्रापर्यंत स्वतः पोहोचतो. आलेख कागदावर पिंपळाचे पान ठेवून बाह्यरेषा काढावी. अर्ध्याहून अधिक भरलेला चौरस पूर्ण धरावा व कमी भरलेला सोडावा. अनियमित आकारालाही क्षेत्रफळ असते, हे यातून समजते. परिमितीसाठी त्याच पानाच्या कडेने दोरा फिरवून तो पट्टीवर मोजता येतो.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना गुंठा हे एकक घरच्या बोलण्यातून परिचित असते. ३३ फूट × ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एक एकर. गुंठाभर जागा चौरस असेल तर कुंपण १३२ फूट लागते. तीच जागा ९९ × ११ फुटांची असल्यास २२० फूट आणि १२१ × ९ फुटांची असल्यास २६० फूट कुंपण लागते. जमीन तेवढीच, तारेचा खर्च मात्र जवळजवळ दुप्पट.

कोपरा कापण्याचा प्रयोगही उपयुक्त आहे. १० सेमी × ८ सेमी कागदाच्या कोपऱ्यातून २ सेमी बाजूचा चौरस कापला, तर क्षेत्रफळ ८० वरून ७६ चौसेमी होते. परिमिती ३६ सेमीच राहते. तोच चौरस बाजूच्या मध्यातून कापला, तर क्षेत्रफळ ७६ चौसेमीच, पण परिमिती ४० सेमी होते. कागद कमी झाला आणि कड वाढली, यावर मुलांचा आधी विश्वास बसत नाही. त्यांना मोजू द्यावे.

एककांचे रूपांतर

१ मीटर म्हणजे १०० सेंटीमीटर, म्हणून १ चौमी म्हणजे १०० चौसेमी, ही चूक नेहमीची आहे. प्रत्यक्षात ते १०,००० चौसेमी होतात. वर्गाच्या फरशीवर खडूने एक चौरस मीटर आखून त्यात प्रत्येकी १०० चौसेमीची ओळ किती वेळा बसते, हे पाहिल्यास शून्यांची घोकंपट्टी करावी लागत नाही.

मूल्यमापन

‘कुंपण’ दिसले की परिमिती आणि ‘फरशी’ दिसली की क्षेत्रफळ, अशा सूचक शब्दांवरून विद्यार्थी सूत्र निवडतात. त्यामुळे शाब्दिक उदाहरणांतील गुण आकलनाचे खात्रीलायक गमक ठरत नाहीत. ‘२४ चौमी क्षेत्रफळाचे, परंतु वेगवेगळ्या परिमितीचे तीन आयत काढा’ या प्रश्नात असा आधार मिळत नाही. १२ × २, ८ × ३ व ६ × ४ या आयतांच्या परिमिती अनुक्रमे २८, २२ व २० मीटर येतात. याहून कमी परिमितीचा आयत शोधू पाहणारा विद्यार्थी पूर्णांक बाजू सोडून ज्याची बाजू २४ चे वर्गमूळ आहे अशा चौरसाकडे वळतो. वर्गमुळाच्या पुढील पाठाची ती स्वाभाविक सुरुवात ठरते.