ब्राउझर गेम, जुने : जतन आणि भवितव्य

ब्राउझर गेम म्हणजे संगणकावर वेगळे सॉफ्टवेअर न बसवता, वेबपान उघडताच त्याच खिडकीत खेळता येणारा खेळ. ‘जुना’ हे विशेषण येथे वयापेक्षा परावलंबन दाखवते. ज्या प्लगइनवर (ब्राउझरला वेगळे जोडलेल्या पूरक सॉफ्टवेअरवर) किंवा ब्राउझरच्या ज्या वागणुकीवर खेळ बेतलेला असतो ती काढून घेतली गेली, की खेळ जुना होतो. मग तो वीस वर्षांपूर्वीचा असो वा चार. साध्या एचटीएमएल पानांवर रचलेला ‘किंगडम ऑफ लोदिंग’ २००३ पासून चालू आहे. त्याच्या सहा वर्षांनंतर आलेला आणि ऐन भरात महिन्याला आठ कोटींहून अधिक खेळाडू असलेला ‘फार्मव्हिल’ मात्र ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला. तेव्हा अशा खेळांचे भवितव्य तंत्राच्या वयावरून सांगता येत नाही. खेळाचा किती भाग खेळणाऱ्याच्या संगणकावर उतरतो आणि किती भाग कंपनीच्या सर्व्हरवर राहतो, यावर ते मुख्यतः ठरते. या मापाने पाहिले तर मोडीत निघालेल्या फ्लॅश या प्लगइनवरचे बरेचसे खेळ, आज सुखाने चालणाऱ्या अनेक खेळांपेक्षा अधिक सुरक्षित आहेत.

या खेळांच्या सुवर्णकाळाचा पाया ‘फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर’ या १९९६ मधील सॉफ्टवेअरने घातला. मॅक्रोमीडियाने ते विकत घेऊन त्याचे नाव ‘फ्लॅश’ ठेवले. २००० साली फ्लॅश ५ बरोबर ॲक्शनस्क्रिप्ट ही भाषा आली आणि ज्याला चित्र काढता येते त्याला खेळही रचता येऊ लागला. चित्र ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणिती वर्णनाने साठवले जाई, त्यामुळे अख्खा खेळ काही शे किलोबाइटमध्ये मावे आणि टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या मंद इंटरनेटवरही उतरे. २००५ च्या अखेरीस मॅक्रोमीडिया ॲडोबीकडे गेली. एप्रिल २०१० मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून आयफोनवर फ्लॅश का नाही ते सांगितले. नोव्हेंबर २०११ मध्ये ॲडोबीने मोबाइल ब्राउझरसाठीचा फ्लॅश थांबवला. पुढे २५ जुलै २०१७ रोजी फ्लॅश बंद करण्याची अखेरची घोषणा झाली, २०२० च्या शेवटच्या दिवशी पाठबळ संपले आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरच्या शेवटच्या आवृत्त्या स्वतःच फ्लॅश आशय चालवण्यास नकार देऊ लागल्या. इतर प्लगइनांचा अंत इतका गाजला नाही. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये जुन्या प्लगइनांचे दार बंद केले, त्यात जावा ॲपलेट आणि युनिटीचा वेब प्लेअर दोन्ही बाहेर पडले. शॉकवेव्ह हे ॲडोबीचे दुसरे प्लगइन एप्रिल २०१९ मध्ये संपले.

फ्लॅश जायलाच हवा होता, हा आक्षेप प्रथम मान्य केला पाहिजे. त्यात सुरक्षेची भगदाडे सतत सापडत होती आणि एका कंपनीच्या बंद प्लगइनवर सगळ्या वेबने विसंबणे धोक्याचे होते. तरीही प्लगइन काढणे आणि त्यावरील आशय सोडून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ब्राउझर कंपन्यांनी पहिली करताना दुसरीची जबाबदारी उचलली नाही. मोझिलाचा ‘शमवे’ आणि गूगलचा ‘स्विफी’ हे फ्लॅशला खुल्या तंत्रात आणण्याचे प्रयत्न अर्ध्यावर राहिले. काम तडीस नेले ते बव्हंशी स्वयंसेवकांनी. ‘रफल’ हा रस्ट भाषेत लिहिलेला फ्लॅशचा एम्युलेटर (त्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम) वेबअसेम्ब्ली या ब्राउझरला थेट चालवता येणाऱ्या कोडच्या रूपात ब्राउझरच्याच सुरक्षित कुंपणात चालतो, म्हणजे ज्या धोक्यासाठी प्लगइन काढले तो परत न आणता खेळ परत आणतो. नोव्हेंबर २०२० मध्ये इंटरनेट आर्काइव्हने त्याच्या आधारे आपला फ्लॅश संग्रह खुला केला. ‘फ्लॅशपॉइंट’ या प्रकल्पाने वेगळी वाट धरली. तो खेळ उतरवून घेतो आणि खेळाडूच्या संगणकावर एक छोटा मध्यस्थ सर्व्हर चालवतो. खेळाने आपल्या मूळ संकेतस्थळाची चौकशी केली की हा मध्यस्थच ‘मी आहे’ म्हणून उत्तर देतो. अमुक संकेतस्थळाबाहेर चालायचे नाही असे कुलूप घातलेले खेळ त्यामुळे उघडतात. या संग्रहातील नोंदींची संख्या लाखाच्या पुष्कळ पुढे गेली आहे.

हे साधले त्यामागे दोन कारणे आहेत, आणि दोन्ही फ्लॅशच्या बाजूने बोलतात. पहिले असे की चित्रे, आवाज आणि नियम या सगळ्यांची मोट बहुधा एकाच एसडब्ल्यूएफ फाइलीत बांधलेली असे; ती एक फाइल जपली की खेळ जपला जाई. दुसरे असे की ॲडोबीने २००८ मध्ये या फाइलरचनेच्या तपशिलावरील निर्बंध उठवले, त्यामुळे दुसऱ्याला आपला प्लेअर लिहिता आला. अडचणी होत्याच. ॲक्शनस्क्रिप्टची तिसरी आवृत्ती २००६ मध्ये अगदी वेगळ्या आभासी यंत्रासह आली, म्हणून रफलला जणू दोन प्लेअर लिहावे लागले आणि दुसऱ्याला बराच अधिक वेळ लागला. पण ही अडचण चिकाटीने सुटणारी आहे, कारण सोडवण्याजोगी वस्तू हातात आहे.

जिथे ती हातात नसते तिथे चिकाटी फोल ठरते. मोची मीडिया ही कंपनी छोट्या खेळकर्त्यांना जाहिराती आणि गुणफलक पुरवत असे. ३१ मार्च २०१४ रोजी ती बंद झाली. फ्लॅश त्यानंतर जवळजवळ सात वर्षे जिवंत होता, पण तिच्या सेवेवर विसंबलेल्या खेळांचे गुणफलक त्याच दिवशी गेले. फार्मव्हिलची चित्रे जपता येतात, शेत जपता येत नाही. कारण कोणी काय पेरले आणि कोणत्या शेजाऱ्याने मदत केली हे सारे झिंगा या निर्मात्या कंपनीच्या सर्व्हरवर होते. ‘क्लब पेंग्विन’ हा मुलांचा खेळ डिस्नेने ३० मार्च २०१७ रोजी बंद केला. चाहत्यांनी सर्व्हरची अंदाजाने पुनर्रचना केली, तो पुन्हा चालवला, पण परवान्याविना केलेले हे काम मालकाच्या दावेदारीपुढे टिकणारे नव्हते. उलट ‘रूनस्केप’चे पाहा. २००१ मध्ये जावा ॲपलेट म्हणून सुरू झालेल्या या खेळाची ऑगस्ट २००७ मधील एक प्रत कंपनीकडे राहिली होती. २०१३ मध्ये खेळाडूंचे मत घेतले गेले, साडेचार लाखांच्या आसपास मते पडली आणि त्या प्रतीवरून ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ उभा राहिला. जावा ॲपलेट पुढे नाहीसे झाले तरी तो आजही खेळला जातो. सर्व्हरकडच्या बाजूची प्रत नसती, तर लाखो मतांनाही तो परत आणता आला नसता.

यावर सर्वांत भक्कम आक्षेप असा की हा इतिहास प्लगइनांचा आहे. एचटीएमएल, जावास्क्रिप्ट आणि वेबअसेम्ब्ली ही खुली मानके आहेत, जुनी पाने मोडायची नाहीत हा वेबचा दंडक आहे, म्हणून आजचे खेळ आपोआप टिकतील. वेबअसेम्ब्ली डिसेंबर २०१९ पासून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची अधिकृत शिफारस आहे, आणि मानक खुले असण्याचे मोल मोठे आहे हेही खरे. मात्र मानक टिकले तरी ब्राउझरची वागणूक बदलते आणि खेळ त्या वागणुकीवर उभा असतो. एप्रिल २०१८ मध्ये क्रोम ६६ ने पान उघडताच आपोआप वाजणारा आवाज अडवला. हेतू जाहिरातींचा त्रास थांबवण्याचा होता, पण त्याबरोबर असंख्य वेब गेम मुके झाले. ओरड झाल्यावर गूगलने खेळांना लागणारा भाग काही महिने मागे घेतला आणि त्याच वर्षाअखेरीस पुन्हा लागू केला. ज्यांच्या कर्त्यांनी तोवर दुरुस्ती केली ते खेळ बोलू लागले. ज्यांचे कर्ते हे क्षेत्र सोडून गेले होते त्यांचे काय? मार्च २०२० मध्ये सफारीने सात दिवस न वापरलेल्या संकेतस्थळाचा स्क्रिप्टने साठवलेला मजकूर पुसण्यास सुरुवात केली, म्हणजे सफारी वापरत असूनही आठवडाभर खेळाकडे न फिरकलेल्या खेळाडूची प्रगती गायब. खासगीपणासाठी हा निर्णय योग्यच असेल, पण जो खेळ आपली प्रगती तिथेच साठवतो त्याला खासगीपणाच्या या वादाशी काही देणेघेणे नसताना त्याची किंमत मोजावी लागते. शिवाय आजचा खेळ एका फाइलीत नसतो. तो शेकडो तुकड्यांत, निरनिराळ्या सर्व्हरांवर, लॉगिनच्या आणि पैसे देण्याच्या सेवांत विखुरलेला असतो.

दुसरा आक्षेप मूल्याचा. यातले बहुतेक खेळ सामान्य होते, एकमेकांच्या नकला होत्या. मोजके चांगले नव्याने करून घ्यावेत, बाकीच्यांची चलच्चित्रे ठेवावीत. पण निवड आधी करून जतन नंतर करायचे म्हटले तर निवडणाऱ्याच्या आजच्या आवडीपलीकडचे सगळे कायमचे जाते, आणि चलच्चित्रात खेळाडूचा निर्णय उरत नाही, जो खेळाचा गाभा आहे. सामान्य म्हणून सोडलेल्या या ढिगात कामाचा पुरावा असतो. मुंबईतून चालणारे ‘झपक’ आणि ‘गेम्स टू विन’ यांनी २००० नंतरच्या दशकात भारतीय प्रेक्षकांसाठी ब्राउझर गेम आणले, तेव्हा सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने बसणाऱ्या मुलांसमोर ओळखीचे विषय आले. या उद्योगाची सुरुवात कशी झाली हे उद्या कोणाला लिहायचे असेल, तर ते खेळ चालू स्थितीत समोर असावे लागतील.

तंत्र पुरेसे असूनही काम अडते ते मुख्यतः हक्कांपाशी. अमेरिकेत २०१८ मध्ये संग्रहालये आणि ग्रंथालयांना बंद पडलेले ऑनलाइन खेळ जतनासाठी चालवण्याची सवलत मिळाली, पण सर्व्हरचा मूळ कोड कायदेशीर मार्गाने हाती असेल तरच, आणि वापर संस्थेच्या आवारातच. दुरून खेळू देण्याची मागणी ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली गेली. म्हणून कर्त्याने स्वतःहून दार उघडणे हाच आजचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. गॅब्रिएले चिरुल्ली यांचा ‘२०४८’ मार्च २०१४ मध्ये कोडसह खुला झाला, त्याच्या प्रती इतक्या ठिकाणी आहेत की तो हरवणे जवळजवळ अशक्य. ‘ग्लिच’ हे अधिक अवघड उदाहरण आहे. फ्लॅशवरील हा बहुखेळाडू खेळ डिसेंबर २०१२ मध्ये तोट्यामुळे बंद झाला, त्याची कंपनी पुढे ‘स्लॅक’ म्हणून ओळखली गेली. बंद केल्यावर सुमारे वर्षभराने, नोव्हेंबर २०१३ मध्ये, तिने खेळाची हजारो चित्रे आणि बराचसा कोड कोणत्याही अटीविना सार्वजनिक केला. सर्व्हरचे उरलेले भाग चाहत्यांनी स्वतः लिहिले, आणि या वेळी त्यांच्या कामावर कोणाचा दावा नव्हता.