क्ष-किरणांत दिसलेला मांजराचा राग

घरात दुसरे मांजर आले की आधीचे फिस्कारू लागते, मारामाऱ्या होतात आणि कधी कधी त्याच दिवसांत उलट्याही वाढतात. या दोन तक्रारी आपण वेगवेगळ्या मानतो. भावना आणि पचन यांचा संबंध प्रयोगशाळेत स्पष्ट झाला तो मात्र मांजरांवरील प्रयोगांतूनही, आणि त्याची सुरुवात भौतिकशास्त्रातील एका शोधातून झाली.

राँटगेन यांना क्ष-किरण सापडले नोव्हेंबर १८९५ मध्ये. पुढच्याच वर्षी बोस्टन येथील हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयाचे विद्यार्थी वॉल्टर कॅनन यांनी, प्राध्यापक हेन्री बॉडिच यांच्या सूचनेवरून, त्या किरणांनी पचनक्रिया पाहण्यास आरंभ केला. जठराच्या मऊ स्नायूंची सावली नीट उमटत नाही. म्हणून त्यांनी अन्नात बिस्मथचा क्षार मिसळला. बिस्मथचा अणुक्रमांक ८३ आहे. असे जड अणू क्ष-किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेतात, त्यामुळे अन्नाची गडद छाया पडद्यावर दिसू लागली.

जेवलेल्या मांजराच्या जठरावरून मिनिटाला सुमारे ६ आकुंचनलहरी सरकत. काही मांजरांत मात्र त्या अकस्मात थांबत. बांधून ठेवलेले मांजर चिडले वा घाबरले की जठर स्तब्ध होते आणि गोंजारल्यावर ते शांत झाले की लहरी पुन्हा सुरू होतात, असे कॅनन यांना आढळले. हे निष्कर्ष १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९११ मध्ये कॅनन आणि दे ला पाझ यांनी मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला. भ्यालेल्या मांजराच्या अधिवृक्क ग्रंथीकडून येणाऱ्या रक्तात आतड्याच्या स्नायूची पट्टी बुडवताच ती शिथिल पडली. शांत असतानाच्या रक्तात तसे घडले नव्हते. रागाचा रासायनिक निरोप रक्तातून पोटापर्यंत पोहोचत होता. ‘लढा किंवा पळा’ ही आज सर्वपरिचित असलेली संकल्पना कॅनन यांच्या अशाच प्रयोगांतून साकारली. या ज्ञानाची किंमत त्या मुक्या जिवांनी मोजली, हेही विसरता येत नाही. भारतात अशा प्रयोगांवर १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने नियंत्रण आणले.

जठर थांबणे म्हणजे उलटी नव्हे. परंतु २०११ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठातील टोनी बफिंग्टन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दिनक्रम बिघडताच निरोगी मांजरांतही आजारासारखी लक्षणे वाढल्याचे दिसले. त्यांचे खाणे कमी झाले आणि काहींनी मलमूत्रासाठी ठरलेली जागा सोडली.

मांजराचा रानटी पूर्वज एकटा शिकार करणारा. त्याची एक उपजाती आजही राजस्थान-कच्छच्या वाळवंटात वावरते. वाटीला वाटी लावून जेवणे अशा वंशजाला जड जाते. स्पर्धेत ते घाईने गिळते आणि गिळलेले लगेच बाहेर टाकते. म्हणून भांडणाऱ्या मांजरांना काही दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवावे. एकाच्या अंगावरून फिरवलेले फडके दुसऱ्याजवळ ठेवून वासाची ओळख करून द्यावी. पुढे बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्यावे, आणि मगच थोडा थोडा वेळ समोरासमोर आणावे. वाट्या, पाणी, विष्ठापात्रे व उंच बैठका स्वतंत्र असाव्यात. नसबंदीमुळे नरांच्या मारामाऱ्या पुष्कळ घटतात. मारणे-ओरडणे टाळावे, त्याने भीतीच वाढते.

मात्र प्रत्येक उलटीचे खापर तणावावर फोडणे घातक ठरेल. मूत्रपिंडाचे विकार, थायरॉईडचा अतिस्राव, जंत, गिळलेला दोरा हीही कारणे असतात. उलटी वारंवार होत असेल, तीत रक्त दिसत असेल, मांजर मलूल असेल किंवा दिवसभर जेवले नसेल, तर पशुवैद्याकडे न्यावे. चावल्याची जखमही दाखवावी. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात सापडलेला, मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू मुख्यतः चाव्यातूनच पसरतो.

भांडखोर किंवा घाण करणारे म्हणून अनेक मांजरे घराबाहेर काढली जातात. तो निर्णय घेण्यापूर्वी त्यांच्या वाट्या वेगळ्या करून पाहाव्यात आणि एकदा तपासणीही करून घ्यावी.