तळटीप : ल्युसील बॉलची कमाई

* लेखकाने हिला नुसतेच ‘विनोदी नटी’ म्हटले आहे. बाई हिशेबातही पक्की होती. १९३०च्या दशकात ती आरकेओ स्टुडिओत पगारी नटी होती, भूमिका बहुतेक किरकोळ. १९५१मध्ये ‘आय लव्ह ल्युसी’ सुरू करताना मालिका हॉलिवुडमध्येच, फिल्मवर चित्रित व्हावी म्हणून तिने आणि पती देसी आर्नाझने मानधन कमी घेतले, पण भागांची मालकी स्वतःच्या ‘देसिलू’ कंपनीकडे ठेवली. खरा पैसा पुनःप्रक्षेपणात होता (ही दूरदृष्टी मुख्यतः देसीची, हे नाकारण्यात अर्थ नाही). १९५७मध्ये देसिलूने आरकेओचाच स्टुडिओ विकत घेतला. घटस्फोटानंतर, १९६२ साली, तिने देसीचा हिस्साही घेतला. १९६७मध्ये कंपनी गल्फ अँड वेस्टर्नला सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरना विकली गेली.